खांद्याला लावायचं औषध

बस स्थानकाच्या पहिल्या मजल्यावर काचेची एक खोली होती. दोन माणसं आत बसली की तिसऱ्याने दारातच उभं राहायचं, एवढीशी. त्या खोलीत माईकसमोर बाई तेवीस वर्षं बसत होत्या. स्थानकावर ड्रायव्हरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाहेरच्या लोकांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज पाठ होता. दुकानात त्यांनी "अर्धा किलो द्या हो" म्हटलं की शेजारचं गिऱ्हाईक मान वळवून बघायचं. "तुम्ही त्या स्टँडवरच्या ना?"

तो काही गाण्याचा गळा नव्हता. स्वच्छ होता, जरा उंच पट्टीतला, आणि गर्दीच्या डोक्यावरून सरळ पुढे जाणारा. इंजिनांची घरघर, गाड्यांचे हॉर्न, रडणारी मुलं, या सगळ्यातून "फलाट क्रमांक सात" म्हणजे सातच ऐकू यायचं, साठ नाही. आपल्या बोलण्यामुळे आजवर एकही माणूस चुकीच्या गाडीत चढलेला नाही, हे बाई फार कुणाला सांगत नसत. पण मनात पक्कं धरून होत्या.

बाईंचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. वाण्याचे तराजू, गोदामातले ट्रक तोलायचे काटे, दवाखान्यातले बाळांचे काटे. लोक त्यांना काटेवाले म्हणत. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं खांद्यावर टाकून माणूस दिवसभर या टोकाहून त्या टोकाला. बेचाळिसाव्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे कडेने अंधारायला लागलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ निघाली. नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढली. माणूस वाचला, पण ती ग्रंथी कामातून गेली. तिच्या हुकमावर शरीरात जे जे तयार व्हायचं ते सगळं बाहेरून देणं आलं. काही गोळ्या, आणि दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन. जन्मभर.

इंजेक्शन द्यायच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर. औषध तेलात कालवलेलं, घट्ट. सिस्टर ती छोटी बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायच्या, मग कंबरेखाली सुई खोल घालून अगदी सावकाश दाबायच्या. "श्वास सोडा, श्वास सोडा. बायका लेकरं जन्माला घालतात, तुम्हाला एवढं सोसवत नाही?" असं म्हणून हसवायच्या. काटेवाले दोन दिवस एका कुल्ल्यावर बसायचे.

दुखण्याचं एवढं काही नव्हतं. खरा त्रास पुढचा. पहिल्या आठवड्यात नवरा नुसता उधळलेला. पहाटे उठून कपाटं सरकवायचे, शेजाऱ्याशी पाण्यावरून भांडायचे, बायकोच्या मागे मागे करायचे. दुसऱ्या आठवड्यात माणसात यायचे. तिसऱ्यात बॅटरी उतरल्यासारखे. जेवताना घास हातात तसाच, दुकानातून फोन आला तर "उद्या बघू", आणि क्षुल्लक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी. बाई कॅलेंडरवर इंजेक्शनच्या दिवसाभोवती पेन्सिलने गोल करायच्या. पुढे पुढे गोलाची गरज उरली नाही. दार कसं लावलं यावरून त्यांना आठवडा कळायचा. नऊ वर्षं त्यांनी असा एका घरात तीन नवऱ्यांशी संसार केला.

मग कोपऱ्यावरचे डॉक्टर थकले, त्यांनी दवाखाना मुलाच्या स्वाधीन केला आणि मुलाने काटेवाल्यांना मोठ्या रुग्णालयात हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे डॉक्टर तरणे, नीटनेटके, बोलताना एक डोळा संगणकावर. त्या दिवशी बाईंची ड्युटी होती, म्हणून काटेवाले एकटेच गेले.

"सुई बरी की जेल बरं?" काटेवाल्यांनी विचारलं. बाहेरच्या बाकावर कुणाकडून तरी त्यांनी ऐकलं होतं.

"इंजेक्शनने पातळी एकदम चढते, मग उतरत जाते," डॉक्टर म्हणाले. "जेल रोज थोडं थोडं आत जातं. पातळी बऱ्यापैकी सारखी राहते. सुई नाही, दुखणं नाही, दर वेळी दवाखाना नाही. रोज सकाळी अंघोळीनंतर दोन्ही खांद्यांना चोळायचं. तीन महिन्यांनी रक्त तपासू."

जन्मभर पारडी समान करण्यात घालवलेल्या माणसाला 'सारखी राहते' एवढंच पुरलं. ते खुशीत घरी आले.

आणि खरोखर फरक पडला. दोन महिन्यांत काटेवाले असे काही सावरले की बाईंनाच विश्वास बसेना. सोमवारी जसे, तसेच शनिवारी. चिडचिड नाही, रडारड नाही. संध्याकाळी दोघं फिरायला जायला लागले. बाईंनी कॅलेंडरवर गोल करायचं सोडून दिलं. त्या मनातल्या मनात त्या डॉक्टरांना दुवा देत होत्या.

काटेवाल्यांचे खांदे वजनं उचलून उचलून आखडलेले. फार वर्षांपासूनची सवय अशी, की सकाळी अंघोळ झाली की ते उघड्या अंगाने स्टुलावर बसायचे आणि बाई दहा-पंधरा मिनिटं त्यांचे खांदे दाबून द्यायच्या. दिवसातला निवांत बोलण्याचा वेळ तेवढाच. आता अंघोळीनंतर आधी जेल, मग स्टूल. कधी जेल पुरतं वाळलेलं नसायचं. मग बाईच ते दोन्ही हातांनी नीट चोळून मुरवायच्या. "एवढं महागाचं औषध, वाया कशाला घालवायचं?" म्हणायच्या. हात पुसायच्या, डबा भरायच्या, कामावर जायच्या.

चौथ्या महिन्यात एका सकाळी "फलाट क्रमांक" म्हणताना बाईंचा आवाज मधेच फाटला. वयात येणाऱ्या मुलाचा फाटतो तसा. त्यांनी खाकरून वाक्य पुन्हा म्हटलं. दुपारी परत तेच. आठवडाभराने आवाज फाटायचा थांबला आणि खाली बसला. खाली म्हणजे चांगलाच खाली. फोनवर बँकेतली मुलगी त्यांना "हो सर" म्हणाली.

मग हनुवटीखाली राठ केस. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गालावर पुटकुळ्या. डोक्यावरचे केस मात्र कंगव्यात यायला लागले. आणि राग! एकदा कंडक्टरने चुकीचा गाडी नंबर सांगितला म्हणून बाईंनी हातातला पेला टेबलावर असा आपटला की काचेपलीकडचे प्रवासी वर बघायला लागले. त्या स्वतःलाच घाबरल्या.

त्या घशाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "स्वरतंतू जरा जाड वाटतायत. तेवीस वर्षं बोलताय, आणखी काय होणार? गळ्याला विश्रांती द्या."

बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी वय विचारलं, पाळीचं विचारलं आणि कागदावर लिहितालिहिताच म्हणाल्या, "या वयात होतं असं. अंगातली हार्मोन्स बदलतात. मन शांत ठेवा."

"आवाज पुरुषासारखा होतो?"

"काही जणींचा होतो थोडा जाड."

"अहो, थोडा नाही. लोक सर म्हणतात मला."

"तुम्ही फार मनाला लावून घेताय, बाई."

तिसऱ्या ठिकाणी तर त्यांना झोपेची गोळी लिहून दिली. तीन दवाखाने झाले, तीन ठिकाणी उत्तर एकच: वय. गुडघा दुखो, आवाज जावो, बाईमाणसाच्या कागदावर वयाचा शिक्का मारला की पुढचा पेशंट आत घ्यायला मोकळे. घरात औषध काय येतं, शेजारी झोपणारा माणूस अंगाला काय लावतो, हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही. आणि बाईंच्याही ते डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. औषध नवऱ्याचं होतं.

स्थानकप्रमुखांनी एक दिवस त्यांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "बाई, गैरसमज करून घेऊ नका. प्रवाशांच्या तक्रारी आल्यात."

"काय म्हणून? ऐकू येत नाही म्हणून?"

"तसं नाही. पण लोकांना सवय असते. आम्ही आता रेकॉर्ड केलेला आवाज बसवतोय. तुम्ही पासच्या खिडकीवर बसा. तिथे कसं, बोलायला फारसं लागत नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आवाजात ओरडायची त्यांना लाज वाटली, म्हणून मूग गिळून बाहेर आल्या. त्या दिवसापासून त्या खिडकीमागे बसून पासांवर शिक्के मारायला लागल्या. डोक्यावर भोंग्यातून कुणा अनोळखी मुलीचा साखरेत घोळलेला आवाज यायचा. फलाट बदलला तरी तो जुनाच फलाट सांगायचा.

घरी काटेवाले त्यांची समजूत घालायला बघायचे. "मला आवडतो हा आवाज," ते एकदा म्हणाले. बाई म्हणाल्या, "मला नाही आवडत. आणि तो माझा आहे." सकाळी मात्र त्या नेमाने त्यांचे खांदे दाबत होत्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टर एक दिवस पास काढायला खिडकीशी आल्या. बाईंनी "फोटो आणलाय का?" विचारलं आणि सिस्टरांनी चमकून आत वाकून पाहिलं.

"बाई? तुम्ही? घशाला काय झालं?"

"वय झालं," बाई कडवटपणे म्हणाल्या. "तीन डॉक्टरांचं एकमत आहे."

सिस्टरांची नजर बाईंच्या हनुवटीवर गेली, गालावर गेली. मागे रांग होती, तरी त्या हलल्या नाहीत.

"काटेवाले इंजेक्शनला का येत नाहीत हो? नऊ महिने तरी झाले असतील."

"त्यांना आता जेल आहे. खांद्याला लावायचं."

"लावतं कोण?"

"तेच लावतात. मी खांदे दाबते ना, मग कधी कधी मीच..." बाई बोलता बोलता थांबल्या. सिस्टरांचा चेहरा पार बदलला होता.

"हातमोजे?" सिस्टर म्हणाल्या. "निदान हात धुता लगेच, साबणाने?"

"नाही."

"कुणी सांगितलं नाही?"

"कुणी सांगायचं होतं?"

सिस्टर खिडकीच्या काचेला नाक लावून हळू बोलल्या, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "बाई, ते औषध कातडीतूनच आत जातं. त्यांच्या कातडीतून जातं तसं तुमच्याही. आजपासून हात लावू नका. आणि उद्या रक्त तपासा. नुसतं टेस्टोस्टेरॉन बघा म्हणावं."

दोन दिवसांनी कागद हातात आला. बायकांच्या अंगात जेवढं असायला हवं त्याच्या सहापट.

त्या संध्याकाळी बाईंनी जेलचा खोका शोधला. काटेवाल्यांनी तो टाकला नव्हता, त्यात स्क्रू ठेवले होते. तळाशी पातळ कागदाची घडी. उघडली तर टेबलभर पसरली. अक्षर मुंगीच्या पायाएवढं. काटेवाल्यांचं भिंग डोळ्याला लावून बाई ओळीओळीने वाचत गेल्या आणि दुसऱ्या बाजूला, पार खालच्या अंगाला, ते सापडलं: लावल्यावर हात साबणाने धुवावेत, वाळल्यावर जागा कपड्याने झाकावी, स्त्रिया व मुलांचा त्या जागेशी संपर्क येऊ देऊ नये.

काटेवाले समोर बसले होते. त्यांनी ते ऐकलं आणि उठून मोरीत जाऊन खांदे घासायला लागले. कातडी लाल होईपर्यंत घासत राहिले.

"आता घासून काय होणार?" बाई म्हणाल्या. मग त्यांनाच राहवलं नाही; त्या आत गेल्या आणि टॉवेल पुढे केला. "या बाहेर. तुमचा काय दोष? तुम्हाला तरी कोण बोललं होतं?"

दुसऱ्याच दिवशी दोघं मोठ्या रुग्णालयात गेले. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा सारखा केला. "हं. संपर्कातून गेलेलं दिसतंय. क्वचित होतं."

"क्वचित," बाई म्हणाल्या. "तुम्ही यांना सांगितलं होतं का, की खांदा झाका, बायकोला हात लावू देऊ नका?"

"माहितीपत्रकात सगळं दिलेलं असतं."

"ते पत्रक मी भिंगातून वाचलं, डॉक्टर. औषध यांचं, खोका यांचा. मी का वाचायचं होतं ते? मला औषध कुठे होतं?"

"तसं पेशंटने विचारायला हवं. आम्ही दिवसाला साठ पेशंट बघतो."

"काय विचारायचं हे कळायला आधी माहीत असावं लागतं ना?" बाईंचा आवाज चढला, आणि या वेळी त्यांनी चढू दिला. जाड, भरदार आवाज बंद दाराबाहेर गेला. बाकांवरची कुजबुज थांबली. "मी दिवसाला तीनशे वेळा माईकवर बोलते. बोलत होते. तेच वाक्य, तीनशे वेळा. फलाटावर पाटी असते, तरी बोलते. का? तर एखाद्याने पाटी वाचली नसेल म्हणून. तुम्हाला एकदा एक वाक्य बोलायचं होतं. अंगरखा घाला आणि हात धुवा. पाच शब्द!"

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही शांत व्हा. औषध वाईट नाहीये."

"औषधाला कोण वाईट म्हणतंय? औषधाने माझा नवरा माणसात आणला. मी तुमच्याबद्दल बोलतेय."

काटेवाले खाली मान घालूनच म्हणाले, "मी काटा दुरुस्त करून देतो, तेव्हा किती किलोच्या वर ठेवायचं नाही ते तोंडाने सांगून येतो. काट्यावर लिहिलेलं असतं तरी." एवढंच बोलले आणि उठले.

"माझा आवाज परत येईल का?" बाईंनी दारातून विचारलं.

"पुटकुळ्या जातील. केस कमी होतील," डॉक्टर म्हणाले. "आवाजाचं सांगता येत नाही. थोडा येईल कदाचित."

घरी आल्यावर काटेवाल्यांनी जाहीर केलं, की सगळं बंद. सुईही नको, जेलही नको. बाई उसळल्या. "म्हणजे मी आवाजही घालवायचा आणि वर तुम्हाला अंथरुणात पडलेलं बघायचं? हाडं ठिसूळ होतील, रक्त कमी होईल. काही बंद होणार नाही."

आधी त्यांनी जेलच ठेवून पाहिलं, सगळे नियम पाळून. काटेवाले मोरीत दार लावून जेल लावायचे, हात दोनदा धुवायचे, वाळेपर्यंत उभे राहायचे, मग पूर्ण बाह्यांचा सदरा गळ्यापर्यंत बंद. टॉवेल वेगळा, चादर वेगळी. औषध आपलं काम चोख करत होतं. पण बाईंचा हात त्यांच्याकडे जायचाच बंद झाला. चहाचा कप देतानाही त्या बशीची कड धरायच्या. काटेवाले वाटेत आले तर भिंतीला चिकटून जायचे. सहा आठवडे एका घरात दोन भाडेकरू असल्यासारखे राहिले. नियम पाळणारी हजार घरं असतील आणि ती सुखात असतील. या घरात भीती शिरली होती आणि ती साबणाने जाईना.

शेवटी काटेवालेच सिस्टरांकडे गेले. सिस्टरांनी कोपऱ्यावरच्या तरुण डॉक्टरांशी बोलून नवीन बेत आखला. तीन आठवड्यांचं एकदम घ्यायचं नाही, त्याचे भाग करून दर आठवड्याला थोडं थोडं घ्यायचं. चढउतार राहतो, पण डोंगरदऱ्यांचा नाही, रस्त्यावरच्या गतिरोधकाएवढा. "नऊ वर्षं हे का नाही केलंत?" बाईंनी विचारलं. सिस्टर ओशाळल्या. "कागदावर तीन आठवडे लिहिलेलं होतं. मी देत गेले. मीही नाही विचारलं, बाई." बाईंना त्यांचाही राग आला, पण विचारल्यावर चूक कबूल करणारं या सगळ्या प्रकरणात ते एकच माणूस होतं, म्हणून तो फार टिकला नाही.

जेलएवढा सारखेपणा आला नाही. सुई टोचण्याआधीच्या दिवशी काटेवाले अजून जरा मलूल असतात. पण सकाळी स्टूल परत मोरीच्या दाराशी आलं आणि बाईंचे हात त्यांच्या खांद्यांवर.

पुटकुळ्या गेल्या. हनुवटीचे केस विरळ झाले, पुरते गेले नाहीत. राग निवळला, म्हणजे उसना होता तेवढा निवळला. स्वतःचा होता तो राहिला. आवाज पहिल्या चार महिन्यांत थोडा वर आला आणि तिथेच थांबला. जुनी पट्टी काही परत आली नाही. एकदा घरात कुणी नसताना बाईंनी पूर्वीसारखं "फलाट क्रमांक सात" म्हणून पाहिलं, तीनदा, आणि मग खुर्चीत बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी स्थानकप्रमुखांपुढे जाऊन त्या उभ्या राहिल्या. "माझा आवाज जाड झालाय. उच्चार जाड झालेले नाहीत. तुमची ती रेकॉर्डवरची मुलगी गेल्या आठवड्यात तीनदा चुकीचा फलाट बोलली, तारखा देते लिहून. मला माईक परत द्या."

"पण बाई, प्रवासी..."

"प्रवाशांना गाडी हवी असते, साहेब. मी बाई आहे की बुवा, याच्याशी त्यांना काय करायचंय?"

साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग बाईंनी लेखी मागितल्यावर सकाळच्या पाळीपुरतं हो म्हटलं. संध्याकाळी अजून तीच मुलगी बोलते. बाईंना ते मान्य नाही आणि तसं त्या दर महिन्याला लिहून देतात.

रुग्णालयालाही त्यांनी लिहिलं. रक्ताचा कागद जोडला, तीन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या जोडल्या, आणि मागणी एकच केली: जेल लिहून दिलं की त्या माणसाला, आणि त्याच्या घरच्यांना, तोंडाने सांगितलं जावं; तसं सांगितल्याची नोंद व्हावी. दीड महिन्याने छापील उत्तर आलं. औषधासोबत आवश्यक ती माहिती पुरवलेली असल्यामुळे रुग्णालयाकडून कोणताही निष्काळजीपणा झालेला नाही. तथापि आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

बाईंनी ते काटेवाल्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्याच टेबलावर बसून उलट टपाली लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य असं होतं: ती सूचना नव्हती, तक्रार होती.

त्याला अजून उत्तर आलेलं नाही. काटेवाल्यांचं म्हणणं, आता येणारही नाही. बाईंनी तिसरं पत्र लिहायला घेतलंय.